पाठीवरचा तीळ आणि तात्यांच्या टाचा

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला बायको माझ्या पाठीला तेल लावत होती. लावता लावता तिचा हात थांबला. पहाटेची थंडी, न्हाणीबाहेर मांडलेला पाट, शेजारी धुमसणारा बंब आणि मी अंग चोरून बसलेलो. तिने पणती जवळ घेतली, उजव्या खांद्याखाली बोट टेकवलं आणि विचारलं, "अहो, ह्यो तीळ एवढा मोठा हुता का?"

"कुठला?"

"हितला. मागल्या दिवाळीला मुगाएवढा हुता. आता हरभऱ्याच्या डाळीएवढा दिसतोय. आन लई काळा."

"तेलानं दिसत असेल," मी म्हणालो.

तिने उटणं लावलं, कढत पाणी ओतलं, ओवाळलं. अंगणात आमची लहान मुलगी फुलबाजीसाठी हट्ट करत होती. बायकोच्या दृष्टीने विषय तिथे संपला. माझ्या दृष्टीने तो तिथून सुरू झाला.

मी तेव्हा इंदापुरात फोटो स्टुडिओ चालवत होतो. नव्वदच्या दशकाचा मधला काळ. रंगीत रोल धुवायला पुण्याला जायचे, पण पासपोर्टचे काळे-पांढरे फोटो आम्ही आमच्याच डार्करूममध्ये काढायचो. माझं गाव वरकुटे. आमचं घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. वडिलांच्या हयातीतच कळप गेला आणि थोडी कोरडवाहू जमीन राहिली. मी शाळेत असताना वडीलही गेले. पोटात गाठ होती म्हणतात. कसली, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. दवाखान्यातून परत पाठवताना डॉक्टर एवढंच म्हणाले होते की तुम्ही उशीर केलात. तो 'उशीर' माझ्या मनात रुतून बसला. पुढे साधा खोकला आठ दिवस राहिला तरी मला वाटायचं, आपण उशीर तर करत नाही ना?

त्यात धंदा असा की दिवसभर माणसांचे चेहरे जवळून न्याहाळायचे. निगेटिव्हवर बारीक ब्रशने 'टचिंग' करायचं. लग्नाच्या मुलीचा फोटो असला की आया सांगायच्या, हनुवटीवरचा तीळ राहू द्या, गालावरचा तेवढा घालवा. मी घालवायचो. आता मला स्वतःच्या पाठीवरचा तीळ दिसतही नव्हता, आणि न दिसणारी गोष्ट माणूस मनात किती रंगवतो ते मी पुढच्या दिवसांत पाहिलं.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळीच मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शर्ट वर करून पाहिलं, बोटाने दाबलं.

"बहुतेक काही नाही," ते म्हणाले. "पण वाढलाय म्हणता, तर बारामतीला दाखवून घ्या. पुण्याहून त्वचेच्या डॉक्टर येतात आठवड्यातून एकदा. त्यांचा डोळा तयार असतो."

त्या 'बहुतेक'ने माझी झोपच उडवली. एसटीडी बूथवरून बारामतीच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, बाई दिवाळीला गावी गेल्यात, तुळशीचं लग्न लागलं की येतील, नंबर लावून ठेवतो. म्हणजे तोवर थांबायचं. दुसरा कुणी डॉक्टर शोधत पुण्याला जावं, असंही एकदा वाटलं. पण पुण्यात जाऊन उत्तर लवकर मिळेल, या विचारानेच मी तो बेत सोडून दिला. उत्तर लवकर हवंही होतं आणि नकोही होतं.

त्याच सुमारास अल्बम गुंडाळायला आणलेल्या रद्दीत आरोग्यावरचा एक लेख हाती लागला. तीळ वाढला, रंग बदलला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, खाज आली, रक्त आलं किंवा काखेत गाठ लागली तर दुर्लक्ष करू नये, असं त्यात होतं. लेख चांगलाच होता. पण मी तो इतक्या वेळा वाचला की वाचता वाचता पाठीला खाज सुटायची.

मी बायकोला दर तासा-दोन तासाने विचारू लागलो, "बघ गं, कडा कशी आहे?" ती हातातलं काम टाकून बघायची. "हाय तशीच हाय." "नीट बघ." "अहो, नीटच बघतीय." तिने सांगितलं की घटकाभर बरं वाटायचं, मग वाटायचं की तिला काय कळतंय.

पाडव्याला मी शेवटी स्वतःच बघायचं ठरवलं. स्टुडिओत दिवे लावले, कॅमेरा तिकाटण्यावर बसवला, फोकस जुळवला आणि बायकोला बटण दाबायला उभं केलं. मी शर्ट काढून पाठमोरा बसलो. रोल धुतला, निगेटिव्ह एन्लार्जरला लावली आणि मोठी करत गेलो. बशीतल्या डेव्हलपरमध्ये कागदावर हळूहळू ते चित्र उमटलं. तळहाताएवढा काळा डाग, कडा फाटलेल्या, आत बारीक बारीक दाणे. कुठलीही निगेटिव्ह एवढी ताणली की दाणे दिसतातच, हे मला काम शिकायला लागल्यापासून माहीत होतं. पण लाल दिव्याखाली मी तो कागद पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघत राहिलो.

बायको आत आली. कागद बघितला आणि माझ्याकडे बघितलं. "आवो, असा भिंग लावून बघितला तर देवघरातला देव बी भ्या वाटायसारखा दिसंल," ती म्हणाली. तिने निगेटिव्ह काढून घेतली आणि कुठे ठेवली ते मला सांगितलं नाही.

भाऊबीजेला ती मुलीला घेऊन माहेरी, कोऱ्हाळे बुद्रुकला गेली. दरवर्षी मीही जात असे. त्या वर्षी लग्नाच्या ऑर्डरी येतील असं सांगून मागे राहिलो. खरं कारण असं की चारचौघांत हसायची ताकद नव्हती. वरकुट्याला आईकडेही गेलो नाही. तिने तोंड बघून ओळखलं असतं.

एकटा असताना माझी अवस्था आणखी बिघडली. बसस्टँडवर वजनाचं यंत्र होतं, रंगीत दिवे लुकलुकणारं. नाणं टाकलं की वजन छापलेलं तिकीट यायचं आणि मागे भविष्य असायचं. मी रोज त्याच्यावर उभा राहायचो. वजन जरा कमी दिसलं की काखेत बोटं घालून गाठी शोधायचो. चाचपून चाचपून काख सुजली, आणि सुजली म्हणून आणखी घाबरलो. तिकिटामागे लिहिलेलं असायचं, 'लवकरच प्रवासाचा योग आहे.' तो प्रवास शेवटचाच असेल असं वाटून तेवढं वाक्यही मला सरळ वाचता येत नव्हतं.

आठवड्याने बायको परतली तेव्हा तिच्याबरोबर तिचे वडील होते. खांद्यावर उसाची मोळी, हातात कापडी पिशवी. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. त्यांचं घरही मूळचं मेंढरांचंच, पण तिकडे कालव्याचं पाणी होतं आणि त्यांच्या वडिलांपासून ते उसाला लागले होते. पोलादी अंगाचा, कमी बोलणारा माणूस. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमच्यात सासरा-जावयाचं अंतर होतं. ते मला 'पाव्हणं' म्हणायचे आणि मी समोर असलो की खाटेवरून उठून बसायचे. मुलीच्या घरी मुक्काम करायचा नाही हा त्यांचा नेम. यायचे, पाणी प्यायचे, नातीच्या हातावर खाऊ ठेवायचे आणि मिळेल त्या गाडीने परत जायचे.

त्या दिवशी मात्र त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली.

"पाव्हणं, टाचांस्नी भेगा पडल्यात," ते पाय पुढे करून म्हणाले. "बारामतीला कातड्याचा डाक्टर येतो म्हनं. मला तिथलं काय ठावं न्हाय. तुमी संगं चला. तवर हितंच ऱ्हातो."

बारामतीची गल्ली न् गल्ली तात्यांना पाठ होती. दर आठवड्याला ते तिथल्या बाजाराला जात. आणि टाचांना भेगा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून होत्या. मी बायकोकडे बघितलं. ती परातीतल्या पिठाकडे बघत होती. पुढे तिने मला सांगितलं की भावाला ओवाळताना तिला रडू फुटलं होतं. तात्यांनी एवढंच विचारलं होतं, "पाव्हण्यास्नी काय झालंय?" तिने सांगितलं, आणि ती परत निघाली त्या सकाळी ते आमच्यासाठी न्यायला ऊस तोडून तयार होते.

"येतो की तात्या," मी म्हणालो. "भेगा दाखवायलाच पाहिजेत."

"व्हय, लई तरास हाय," तात्या गंभीरपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते स्टुडिओत येऊन बाकावर बसू लागले. गिऱ्हाईक आलं की सरकून जागा द्यायचे. दुपारी जेवणाच्या वेळी मी शटर अर्धं ओढायचो. अशाच एका दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर मी नकळत काखेत हात घातला. तात्या तंबाखू मळत होते. मळता मळता म्हणाले, "भ्या वाटतंय?"

या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर देण्याची सवय असते. मी म्हणालो, "व्हय."

"वाटणारच. मी बी एकदा मेलोय असा." त्यांनी तंबाखू दाढेखाली ठेवली. "लई वर्सं झाली. उसात पाणी देत हुतो. पायाला काय तरी डसलं. सळसळत गेलेलं दिसलं. बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. डाक्टर म्हनला, बसा, बघू. दिसभर बाकावर बसलो. हात गार पडलेत, डोळं झाकाय लागलेत, जीभ जड झालीया, समदं समदं मला झालं. मनातल्या मनात जमीन पोरांस्नी वाटून दिली. सांजच्याला डाक्टर म्हनला, जावा घरी, बिनइखारी हुतं. उठलो आन चालाय लागलो. जिभंला काय न्हाय, डोळ्यांस्नी काय न्हाय. मंजे दिसभर फुकट मेलो."

मला हसू आलं. कित्येक दिवसांनी आलं.

"पण तात्या, तुमाला तवा कुणी सांगितलं असतं, भिऊ नका, तर पटलं असतं का?"

"कशाला पटतंय!" ते म्हणाले. "भिऊ नगा म्हणून भ्या जात न्हाय. पर एक हाय. कालव्याचं पाणी पाळीनं सोडत्यात. आपली पाळी आली की दारं धरून पाणी घ्यायचं, पाळी संपली की बंद. बारा म्हयनं तेरा काळ पाणी सोडलं तर रान चिबाड हुतं, मग त्यात काय बी उगवत न्हाय. आमच्या शेजारचं वावर गेलं तसंच. तुमी रातध्याड पाणी सोडलंय."

मी काखेतून हात काढला.

"रोज दुपारी, भाकरी खाल्ल्यावर, ह्या बाकावर भ्यायचं. माझ्याम्होरं. काय वाटतंय ते समदं बोलायचं. मग बंद. सांजच्याला आठवण आली तर म्हणायचं, आता न्हाय, उद्याच्या पाळीला."

मी हे कुणा शिकलेल्या माणसाकडून ऐकलं असतं तर कदाचित वाद घातला असता. पण सासऱ्याशी वाद कसा घालायचा? दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खरंच बसलो. सुरुवातीला शब्द फुटेनात. मग मी बोललो. तीळ वाढतोय असं वाटतं. काखेत गाठ आहे असं वाटतं. वजन घटतंय. तात्या मध्ये एक शब्द बोलले नाहीत. 'काही होत नाही' म्हणाले नाहीत, 'देवावर हवाला ठेवा' म्हणाले नाहीत. माझं बोलणं थांबल्यावर त्यांनी विचारलं, "आजचं झालं?"

"झालं."

"मग वढा शटर वर."

भीती गेली नाही. संध्याकाळी ती यायची, पण तिला सांगायला एक वाक्य मिळालं होतं. दर तासाला पाठ दाखवणं बंद झालं. वजनाच्या यंत्राकडे जायचं बंद झालं. बायको एकदा सकाळी उजेडात तीळ बघायची आणि "हाय तसाच हाय" म्हणायची, आणि ते मला पुरू लागलं. लग्नसराईची तयारी सुरू झाली, मी फ्लॅशचे सेल तपासले, लेन्स पुसल्या. हात कामाला लागले.

एका दुपारी मी वडिलांबद्दल बोललो. वडील गेले तेव्हा मी किती लहान होतो, त्यांचा एकही फोटो नाही, मला आठवतात ते फक्त अंथरुणावरचे, पिवळे पडलेले, कण्हणारे. माझ्या मुलीलाही मी तसाच आठवेन का, एवढंच मला विचारायचं होतं, पण वाक्य पुरं झालं नाही.

तात्यांनी पहिल्यांदाच पाळीचा नियम मोडला आणि मध्ये बोलले.

"तुमच्या वडलास्नी मी बघितलंय," ते म्हणाले.

"कवा?"

"मेंढरांच्या बाजारात. मी पोरगाच हुतो, आमच्या आबासंगं गेलो हुतो. वरकुट्याचं एक टोळकं आलं हुतं. त्यात ह्यो एक गडी, लई हसायचा. एका येपाऱ्यानं बकऱ्याचं दात मोजाय तोंड उघडलं, तर ह्यानं त्याला म्हणलं, तुमचं बी दाखवा की. समदा बाजार हसला. आबांनी नाव ईचारून घेतलं. पुढं सोयरीक आली तवा नाव ऐकून मी ओळखलं. म्हणलं, त्या हसऱ्या माणसाचं पोरगं हाय, द्याला हरकत न्हाय."

इतकी वर्षं हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कधी बसून बोललोच नव्हतो. मला माझे वडील उभे, धडधाकट, भर बाजारात हसताना दिसले. त्या दुपारी मी शटर जरा उशिरा उघडलं.

तुळशीचं लग्न लागलं. ठरलेल्या दिवशी आम्ही दोघं सकाळच्या गाडीने बारामतीला निघालो. निमगाव केतकीला विड्याच्या पानांच्या पाट्या टपावर चढवायला गाडी थांबली. तात्या खिडकीतून कुणाला तरी पावसापाण्याचं विचारत होते. मी घट्ट बसून होतो. त्यांनी वळून बघितलं आणि म्हणाले, "आज पाळी दिसभर हाय. भ्या मोकळं."

दवाखान्यात गर्दी होती. खरूज झालेली पोरं, नायटे, अंगावर पित्त उठलेल्या बाया. आमचा नंबर आला. डॉक्टर पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. तात्या दारातच थबकले. "बाई हायती?" ते हळूच म्हणाले. "आत या आजोबा," त्या म्हणाल्या, "मी सगळ्यांनाच तपासते."

मी शर्ट काढला. त्यांनी खिडकीकडे पाठ करायला लावलं आणि भिंग घेतलं. त्या बराच वेळ बघत होत्या. निदान मला तसं वाटलं. भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावरच्या वाराच्या अक्षरांकडे मी बघत राहिलो.

"काम काय करता?"

"फोटोग्राफर आहे."

"बॅग कुठल्या खांद्यावर घेता?"

मी खांदा चाचपला. "उजव्या."

"तरीच. पट्टा बरोबर इथे घासतो. घासून घासून तो वर आलाय आणि काळवंडलाय. कडा अगदी नीट आहे, रंग सगळीकडे सारखा आहे. हा साधा तीळ आहे. बॅग डाव्या खांद्यावर घ्या आणि तीन महिन्यांनी एकदा दाखवा. आलात ते बरं केलंत. उशीर वगैरे काही नाही."

शेवटचं वाक्य त्या सगळ्यांनाच म्हणत असतील. पण मला वाटलं, कुणीतरी माझ्या मनातला तो शब्द हाताने उचलून बाजूला ठेवला. मी शर्टाची बटणं चुकीच्या काजांत घालत होतो, तेव्हा तात्यांनी पुढे होऊन वरची दोन बटणं नीट लावून दिली.

"आणि आजोबा, तुमचं काय?" बाईंनी विचारलं.

तात्या संकोचाने टाचा दाखवू लागले. बाईंनी वाकून टाचा पाहिल्या, मलम लिहून द्यायला मान वर केली आणि त्यांचं लक्ष तात्यांच्या चेहऱ्यावर गेलं. नाकाच्या डाव्या बाजूला, गालाला लागून, एक काळसर डाग होता. मधोमध खपली, कडेने जरा चकाकी. आम्हा घरच्यांना त्याची इतकी सवय झालेली की तो दिसतच नसे.

"हे काय आहे?"

"ते व्हय? उसाचं पाचट लागलं दिवाळीच्या आदी. बरं हुतंय."

"कधी बरं होतं, परत खपली धरते, असं होतं का?"

तात्यांनी मुंडासं सारखं केलं. मी म्हणालो, "बाई, त्याच्याही फार आधीपासून आहे ते. मुलीच्या बारशाला मी ह्यांचा फोटो काढला होता, त्यातही आहे. तेव्हा लहान होतं."

बाईंनी भिंग उचललं. त्यांनी तात्यांना घाबरवलं नाही आणि खोटंही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, याचा छोटासा तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवते. वाईट निघालंच तर बहुधा संथ जातीचं असेल, एका जागी राहणारं. पण तपासायला हवं." त्यांनी सुई देऊन तिथेच तुकडा काढला आणि पट्टी लावली. उत्तर त्यांच्या पुढच्या फेरीला मिळणार होतं.

आम्ही बाहेर आलो. ज्याला भीती होती तो मोकळा झाला होता, आणि जो सोबतीला आला होता त्याच्या गालावर पट्टी होती. तात्या म्हणाले, "भूक लागलीया." बायकोने दिलेला डबा आम्ही स्टँडवर बसून खाल्ला.

मी त्यांना एकट्याला जाऊ दिलं नाही. कोऱ्हाळ्याच्या गाडीत त्यांच्याबरोबर चढलो. घरी पोचलो तर अंगणात कुणी नाही, सगळे वावरात. तेव्हा मला कळलं की तात्यांच्या उसाला त्याच आठवड्यात कारखान्याची तोड आली होती. वर्षभराचं पीक, तोडणीवाले रानात, आणि मालक जावयाच्या स्टुडिओत बाकावर बसून राहिला होता. मेहुण्याने एकट्याने सगळं रेटलं होतं. "तात्या म्हनलं, ऊस काय पळून जात न्हाय," तो म्हणाला. मी बांधावर उभा राहून तुटलेल्या उसाकडे बघत राहिलो.

पुढचे दिवस मी इंदापूर-कोऱ्हाळे अशा खेपा केल्या. लग्नाचं काम नसलं की सकाळी निघायचो आणि दुपारच्या भाकरीला तात्यांच्या घरी असायचो. तात्या ठणठणीत असल्यासारखे वावरत होते. कोण काय विचारेल म्हणून गालावरच्या पट्टीवरून मुंडाशाचा सोगा ओढून घ्यायचे. सासूबाई मला चुलीपाशी बोलावून हळूच म्हणायच्या, "काय बोलत न्हाईत वो. नुसतं तुटल्या उसाच्या खोडव्याला पाणी द्यायचं म्हणून रानात जाऊन बसत्यात."

एका दुपारी मी रानात गेलो. तात्या लिंबाखाली बसले होते. मी शेजारच्या घागरीतलं पाणी प्यायलो. मग जमिनीकडे बघत ते म्हणाले, "पाव्हणं, आज बसायचं का जरा?"

"बसू की," मी म्हणालो.

ते बोलले. नाक कापतील का, तोंड वाकडं होईल का, नात भिऊन जवळ येणार नाही का. मरणाबद्दल नव्हे, चेहऱ्याबद्दलच जास्त. मी मध्ये बोललो नाही. ऐकणं किती अवघड असतं ते मला तेव्हा समजलं. जीभ सारखी धीर द्यायला धावते. त्यांचं झाल्यावर मी विचारलं, "आजचं झालं?" त्यांनी मुंडाशाच्या सोग्याने डोळे पुसले. "झालं," म्हणाले, आणि फावडं घेऊन उठले.

बाईंच्या पुढच्या फेरीला आम्ही तिघं गेलो, बायकोही आली. डाग वाईट जातीचा होता, पण बाई म्हणाल्या होत्या तसाच, जागा न सोडणारा. कडेच्या थोड्या चांगल्या कातडीसकट काढला की संपतो, त्या म्हणाल्या. "अजून दोनचार वर्षं गेली असती तर डोळ्यापर्यंत गेला असता. टाचा दाखवायला आलात म्हणून सापडला." बायको बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मला वाटलं ती घाबरलीय. ती म्हणाली, "घाबरले न्हाय वो. तुमी दोघं बी वाचला, म्हणून."

पुण्याच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. भूल फक्त गालापुरती होती, त्यामुळे तात्या डॉक्टरांशी पाटपाण्याच्या गोष्टी करत होते. नाक शाबूत राहिलं. गालावर एक आडवी शिवण राहिली, ती पुढे सुरकुत्यांत मिसळून गेली. नात पहिल्याच दिवशी मांडीवर चढून त्या शिवणीवरून बोट फिरवत बसली. डाग पुन्हा आला नाही. तात्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले आणि म्हातारपणानेच गेले.

मला आजही कधीतरी धास्ती वाटते. ती सवय पुरती जात नाही. पण बायकोचा पणतीच्या उजेडात थांबलेला हात, वावरात तोड आलेली असताना आमच्या खुंटीला अडकवलेली एक पिशवी, आणि टाचा पाहून झाल्यावरही मान वर करून चेहरा बघणारी एक डॉक्टर, एवढी माणसं माझ्या वाट्याला आली. धास्ती वाटली तरी मी स्वतःला दुर्दैवी म्हणू शकत नाही.

त्या हंगामात कोऱ्हाळ्यात गुऱ्हाळ लागलं तेव्हा तात्यांनी काकवीची बाटली भरून घेतली आणि मला घेऊन बारामतीला आले. तपासणी नव्हती, नंबरही नव्हता. दवाखाना सुटेपर्यंत आम्ही जिन्यापाशी उभे राहिलो. बाई खाली उतरल्या. तात्यांनी दोन्ही हातांनी बाटली पुढे केली. बाई नको नको म्हणाल्या, मग घेतली, उजेडाकडे धरून बघितली.

"हे काय आहे आजोबा? कशाबरोबर खायचं?"

"काकवी हाय, बाई. भाकरीसंगं खावा," तात्या म्हणाले. मग जरा लाजून पुढे म्हणाले, "न्हायतर घरात कुणी बघत नसलं की नुसती बोटानं."

बाई मोठ्याने हसल्या. तात्याही हसले. शिवण अजून ताजी होती, त्यामुळे हसताना गालावर हात धरून.